विश्लेषण : सीटी स्कॅनमधल्या आकड्यांवरून कर्करोगाचा उपचार ठरेल?

कर्करोगाचे उपचार सुरू असताना रुग्णाचा दर दोन-तीन महिन्यांनी स्कॅन होतो. गाठ किती सेंटिमीटरची आहे, आधीपेक्षा वाढली की कमी झाली, एवढे अहवालात येते आणि त्यावर पुढचा उपचार ठरतो. पण त्याच स्कॅनमध्ये डोळ्यांना न दिसणारी पुष्कळ माहिती आकड्यांच्या रूपात असते. संगणकाने ती बाहेर काढली तर कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल हे आधीच सांगता येईल, असा दावा गेली दहा-बारा वर्षे केला जात आहे. या शाखेला ‘रेडिओमिक्स’ म्हणतात. हा दावा कुठवर सिद्ध झाला, कुठे फसला आणि भारतीय रुग्णाच्या हाती त्यातून काय येऊ शकते, याचा हा आढावा.

सध्या स्कॅन पाहून उपचार कसा ठरतो?

शरीरात पसरलेल्या गाठींवर औषधाचा परिणाम होतो आहे का, हे ठरवण्यासाठी जगभर ‘रेसिस्ट’ नावाचे निकष वापरले जातात. ते २००० साली ठरले आणि २००९ मध्ये सुधारले गेले. पद्धत सोपी आहे. जास्तीत जास्त पाच गाठी निवडायच्या, त्यांची लांबी मोजायची आणि बेरीज करायची. ही बेरीज ३० टक्के किंवा त्याहून अधिक घटली तर औषधाला प्रतिसाद मिळाला, २० टक्के किंवा अधिक वाढली तर आजार बळावला, असे मानले जाते. मधली अवस्था म्हणजे ‘स्थिर’.

या मोजपट्टीचा मोठा गुण म्हणजे ती मुंबईत आणि बोस्टनमध्ये सारखीच वापरता येते. मर्यादा दोन आहेत. पहिली, औषध लागू पडले की नाही हे ते देऊन झाल्यावरच कळते. तोवर रुग्णाचे दोन-तीन महिने, पैसा आणि ताकद खर्च झालेली असते. दुसरी, गाठीची लांबी दर वेळी खरे सांगतेच असे नाही. इम्युनोथेरपीत रोगप्रतिकारक पेशी गाठीत शिरतात, तेव्हा काही रुग्णांत गाठ आधी फुगलेली दिसते आणि मग आटते. फुगलेली गाठ पाहून औषध थांबवले तर उपयोगी पडणारा उपचारच बंद होतो. म्हणून २०१७ मध्ये इम्युनोथेरपीसाठी वेगळे निकष आले. त्यांनुसार पहिल्यांदा वाढ दिसल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून खात्री करायची असते.

मग स्कॅनमध्ये आणखी काय असते?

सीटी स्कॅन हा दिसायला फोटो असला तरी मुळात आकड्यांचा तक्ता आहे. सीटीच्या एका चित्रात सहसा ५१२ बाय ५१२ म्हणजे २ लाख ६२ हजार १४४ चौकोन असतात. छातीच्या स्कॅनमध्ये अशी ३०० चित्रे असली तर आकडे झाले सुमारे ७ कोटी ८६ लाख. त्या जागच्या पेशींनी क्ष-किरण किती अडवले, हे प्रत्येक आकडा सांगतो. पाण्याला शून्य आणि हवेला उणे १००० धरून हे मोजमाप होते. सीटी यंत्राचे जनक गॉडफ्रे हौन्सफील्ड यांचे नाव या एककाला दिले आहे. १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना मिळाले.

माणसाच्या डोळ्याला करड्या रंगाच्या एवढ्या छटा एकाच वेळी ओळखता येत नाहीत. त्यामुळे रेडिओलॉजिस्ट कधी फुप्फुसाला, कधी हाडाला, कधी यकृताला अनुकूल असा उजेडाचा पट्टा निवडून चित्र पाहतात. अनुभवी रेडिओलॉजिस्ट ‘गाठीची कड काटेरी आहे’, ‘आतला भाग एकसारखा नाही’ असे बरोबर टिपतो. पण ‘एकसारखा नाही’ म्हणजे किती, याला त्याच्याजवळ आकडा नसतो. तो आकडा काढणे हेच रेडिओमिक्सचे काम आहे. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्तचे फिलिप लाम्बिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधानंतर हे नाव रूढ झाले.

संगणक गाठीचा पोत कसा मोजतो?

लाल आणि पांढऱ्या कापडाचे तेवढेच तुकडे वापरून दोन गोधड्या शिवल्या, असे समजू. एकीत लहान तुकडे आलटून पालटून जोडले, दुसरीत अर्धी बाजू लाल आणि अर्धी पांढरी ठेवली. दोन्हींत लाल रंगाचे प्रमाण सारखेच आहे, तरी दोन्ही गोधड्या वेगळ्या दिसतात. फरक आहे तो शेजाऱ्यांचा : लाल तुकड्याच्या शेजारी किती वेळा पांढरा येतो? संगणक हेच मोजतो. गाठीतील प्रत्येक आकड्याच्या शेजारी कोणता आकडा किती वेळा आला, याचा तक्ता करून त्यावरून पोत ठरवतो.

हे गणित वैद्यकशास्त्रातून आलेले नाही. रॉबर्ट हॅरलिक आणि सहकाऱ्यांनी ते १९७३ मध्ये मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर वालुकाश्माची सूक्ष्मदर्शकातील छायाचित्रे, विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि उपग्रहाने टिपलेली जमिनीची चित्रे होती. जंगल कोणते, शेत कोणते, वस्ती कुठे, हे यंत्राला ओळखता यावे हा उद्देश होता. तीच पद्धत पुढे गाठींना लावली गेली.

पोताच्या जोडीला आणखी दोन प्रकारची मोजमापे असतात. एक आकाराची : गाठ गोल आहे की वेडीवाकडी, तिचे घनफळ किती. दुसरी तीव्रतेची : सरासरी किती, चढउतार किती. एका गाठीतून अशी शेकडो, प्रसंगी हजारावर मोजमापे निघतात. त्यामागचे गृहीतक असे की गाठीच्या आत घडणाऱ्या गोष्टींचा ठसा चित्रात उमटतो. मधला भाग मृत झाला असेल, नव्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या असतील, कडेला प्रतिकारक पेशींची गर्दी असेल, तर पोत बदलेल. बायोप्सीत सुईच्या टोकाएवढा तुकडा मिळतो. स्कॅनमध्ये पूर्ण गाठ, किंबहुना शरीरातल्या सगळ्या गाठी दिसतात आणि सुई न टोचता त्या पुन्हा पुन्हा पाहता येतात.

कोणत्या निर्णयात याची मदत होऊ शकते?

सर्वांत कळीचा प्रश्न इम्युनोथेरपीचा आहे. पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात, आधीची केमोथेरपी निकामी ठरल्यानंतर, निवोलुमॅब हे औषध दिलेल्या मोठ्या चाचण्यांत साधारण पाचपैकी एका रुग्णाची गाठ लक्षणीय आटली. उरलेल्या चौघांनी खर्च केला, दुष्परिणामांचा धोका पत्करला आणि हाती फारसे काही लागले नाही. तो एक जण आधी ओळखता आला तर उरलेल्यांना वेळेवर दुसरा मार्ग दाखवता येईल. बायोप्सीवरील पीडी-एल१ ही चाचणी काही अंदाज देते. मात्र गाठीच्या एका कोपऱ्यातला निकाल दुसऱ्या कोपऱ्याला लागू होईलच असे नसते.

पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी कर्करोग केंद्राने २०१८ मध्ये असा प्रयत्न प्रसिद्ध केला. त्यांनी १३५ रुग्णांच्या सीटी स्कॅनवरून, गाठीत किती प्रतिकारक पेशी शिरल्या आहेत याचा अंदाज बांधणारे सूत्र बनवले आणि मग इम्युनोथेरपी घेतलेल्या १३७ रुग्णांवर ते तपासले. सूत्राने दिलेला गुण जास्त असलेले रुग्ण अधिक काळ जगल्याचे आढळले.

या क्षेत्रातील एक ठळक नाव मुंबई विद्यापीठातून बायोमेडिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतलेले अनंत मादाभुशी यांचे आहे. आधी क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात आणि आता अटलांटाच्या एमरी विद्यापीठात ते काम करतात. त्यांच्या गटाने २०२० मध्ये इम्युनोथेरपीच्या आधीचा आणि दोन-तीन मात्रांनंतरचा सीटी स्कॅन यांची तुलना केली. गाठीच्या आतला आणि भोवतीचा पोत किती बदलला, यावरून प्रतिसादाचा अंदाज येतो, असे त्यांनी दाखवले. नंतर याच गटाने गाठीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या किती पीळदार आहेत, हेही मोजले.

दुसरा निर्णय गुदाशयाच्या कर्करोगातला. केमोथेरपी आणि किरणोपचारानंतर काही रुग्णांत गाठ पूर्ण नाहीशी होते. अशांची शस्त्रक्रिया टाळून त्यांना काटेकोर देखरेखीखाली ठेवण्याची पद्धत ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांच्या कामामुळे जगापुढे आली. ‘गाठ खरोखर गेली आहे’ हे एमआरआयवरून खात्रीने सांगता आले, तर काही रुग्णांची पोटावर कायमची पिशवी लावण्याची वेळ टळते. अंदाज चुकला तर राहिलेला रोग वाढतो. एमआरआयच्या संगणकीय विश्लेषणावर म्हणूनच येथे बरेच संशोधन सुरू आहे.

आज प्रत्यक्ष रुग्णालयांत काय वापरले जाते?

औषध निवडून देणारी सूत्रे अजून बहुतांशी संशोधनातच आहेत. नित्याच्या वापरात आलेला संगणकीय विश्लेषणाचा भाग साधा पण मोलाचा आहे. तो आहे किरणोपचाराच्या नियोजनात.

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर किरण देण्याआधी डॉक्टरांना सीटी स्कॅनच्या प्रत्येक चित्रावर गाठ आणि तिच्या आसपासचे नाजूक अवयव यांच्या सीमारेषा आखाव्या लागतात. त्यात लाळग्रंथी, मज्जारज्जू, जबडा, डोळ्याच्या नसा असे पुष्कळ अवयव येतात. हाताने आखायचे तर या कामाला तास-तास लागतात. ते नेटके होण्यावर रुग्णाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. ब्रिटनमधील एका चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. लाळग्रंथी वाचवून किरण दिलेल्या रुग्णांपैकी ३८ टक्क्यांना वर्षभरानंतर तोंड कोरडे पडण्याचा लक्षणीय त्रास होता. जुन्या पद्धतीने किरण दिलेल्यांत हे प्रमाण ७४ टक्के होते. कोरड्या तोंडाने घास गिळता येत नाही, बोलता येत नाही, दात किडतात. म्हणून ही रेषा काही मिलिमीटरने चुकली तरी त्याची किंमत असते.

आता हे आखणीचे काम संगणक काही मिनिटांत करतो आणि डॉक्टर ते तपासून दुरुस्त करतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२३ मध्ये अशा नऊ सॉफ्टवेअरच्या वापराला हिरवा कंदील दाखवला. अटी दोन होत्या : प्रत्येक आखणी तज्ज्ञाने तपासायची आणि वापर सुरू असताना पुरावा गोळा करत राहायचा. येथे यंत्राची चूक माणसाला डोळ्यांनी दिसते, त्यामुळे ती सुधारता येते. ‘या रुग्णाला हे औषध लागू पडणार नाही’ असे यंत्राने सांगितले तर मात्र ते चूक की बरोबर हे पाहून ओळखण्याची सोय नसते. वापरातील आणि संशोधनातील साधनांमधला हा मोठा फरक आहे.

सर्वांत गाजलेल्या अभ्यासाचे पुढे काय झाले?

रेडिओमिक्सला खरी प्रसिद्धी मिळाली ती २०१४ मध्ये. ह्यूगो आर्ट्स आणि सहकाऱ्यांनी फुप्फुस तसेच डोके-मान कर्करोगाच्या १,०१९ रुग्णांच्या सीटी स्कॅनमधून प्रत्येकी ४४० मोजमापे काढली. त्यांतल्या चार मोजमापांचे सूत्र रुग्ण किती काळ जगेल याचा अंदाज देते, असे ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. फुप्फुसासाठी बनवलेले सूत्र डोके-मान कर्करोगातही चालले, याचे विशेष कौतुक झाले. हा शोधनिबंध पुढे हजारो वेळा उद्धृत झाला.

२०१९ मध्ये टोरांटोतील मॅटिया वेल्श आणि सहकाऱ्यांनी हे सूत्र पुन्हा तपासले. त्यांनी गाठीच्या आतले आकडे पत्ते पिसावेत तसे पिसले. आता गाठीला काही पोतच उरला नव्हता. तरीही सूत्राचा अंदाज जवळपास पूर्वीइतकाच ‘बरोबर’ येत राहिला. कारण शोधल्यावर कळले की चारपैकी तीन मोजमापे गाठीच्या घनफळाशी घट्ट बांधलेली होती. मोठी गाठ असलेला रुग्ण कमी जगतो, हे जुनेच ज्ञान नव्या नावाने समोर आले होते.

या फेरतपासणीच्या लेखकांत मूळ अभ्यासाचे ह्यूगो आर्ट्स स्वतःही होते, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे. या प्रकरणातून पुढच्या संशोधकांना एक सोपी चाचणी मिळाली. नव्या सूत्राने निदान ‘गाठ किती मोठी’ या साध्या मोजमापापेक्षा तरी सरस ठरले पाहिजे.

दुसरे उदाहरण मेंदूच्या गाठीचे. ग्लायोब्लास्टोमा या घातक कर्करोगात टेमोझोलोमाइड हे औषध कितपत उपयोगी पडेल, हे गाठीतील एमजीएमटी या जनुकाच्या स्थितीवर बरेच अवलंबून असते. हे एमआरआयवरून ओळखता येईल का, यासाठी उत्तर अमेरिकेतील रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने २०२१ मध्ये खुली स्पर्धा भरवली. जगभरातून हजाराहून अधिक संघ उतरले. पहिल्या आलेल्या संघाच्या अचूकतेचा गुणांक होता सुमारे ०.६२. या मोजणीत नाणेफेकीला ०.५ आणि निर्दोष उत्तराला १ गुण मिळतो. त्याआधीच्या अनेक लहान अभ्यासांत याहून कितीतरी चांगले आकडे दिसले होते. चाळीस-पन्नास रुग्ण आणि शेकडो मोजमापे असली की योगायोगाने काही ना काही जुळतेच. परक्या रुग्णालयातील रुग्ण समोर आले की तो योगायोग उघडा पडतो.

यंत्र बदलले की आकडाही बदलतो का?

बदलतो, आणि हीच या शाखेची सर्वांत मोठी अडचण आहे. अमेरिकेतील एमडी अँडरसन कर्करोग केंद्राच्या संशोधकांनी लाकूड, बूच, रबराचे तुकडे अशा दहा पदार्थांचा एक ठोकळा बनवला आणि चार कंपन्यांच्या १७ सीटी यंत्रांत त्याचा स्कॅन केला. ठोकळा तोच होता, तरी यंत्रागणिक मोजमापे वेगवेगळी आली. हा फरक काही मोजमापांत दोन रुग्णांच्या गाठींमध्ये असतो तेवढा होता, असे त्यांच्या २०१५ मधील शोधनिबंधात म्हटले आहे.

चित्रांची जाडी एक मिलिमीटर की पाच, शिरेतून दिलेले कॉन्ट्रास्ट औषध किती आणि स्कॅनच्या किती आधी, यंत्राचा व्होल्टेज किती, दातांत धातूचे फिलिंग आहे का, या सगळ्याने पोत बदलतो. गुस्ताव्ह रूसी केंद्राच्या वर उल्लेख केलेल्या सूत्रात आठ घटक होते. त्यांतला एक घटक तर चक्क सीटी यंत्राचा व्होल्टेज होता.

या गोंधळावर उपाय म्हणून जगभरातील २५ गट एकत्र आले. एकाच स्कॅनवरून सर्वांच्या सॉफ्टवेअरने एकच आकडा काढावा, यासाठी त्यांनी १७४ मोजमापांच्या व्याख्या तपासल्या आणि २०२० मध्ये त्यांपैकी १६९ प्रमाणित केल्या. त्यामुळे गणित सारखे झाले. यंत्रे सारखी करण्याचे काम अजून बाकी आहे.

खरा पुरावा कसा असतो?

स्कॅन पाहून उपचार बदलण्याचे एक पक्के उदाहरण हॉजकिन लिम्फोमात आहे. या आजारात दिल्या जाणाऱ्या चार औषधांपैकी ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करू शकते. ‘रॅथल’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत रुग्णांना दोन फेऱ्या देऊन पेट स्कॅन केला गेला. ज्यांच्या स्कॅनमध्ये रोग विझलेला दिसला, त्यांचे चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे दोन गट केले. एका गटाला चारही औषधे चालू ठेवली, दुसऱ्याचे ब्लिओमायसिन थांबवले. तीन वर्षांनंतर रोग न बळावलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८५.७ आणि ८४.४ टक्के होते. ब्लिओमायसिन थांबवलेल्यांना फुप्फुसाचा त्रास कमी झाला. २०१६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर जगभरात उपचाराची पद्धत बदलली.

या चाचणीत संगणकाचे शेकडो आकडे नव्हते. तज्ज्ञांनी डोळ्यांनी पाहून पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर गुण दिले होते. पण स्कॅन पाहून निर्णय बदलला, तरी रोग आटोक्यात राहिला आणि औषधाचा त्रास घटला, हे शेकडो रुग्णांवर आधीच आखलेल्या चाचणीत दिसले. रेडिओमिक्सवरील बहुतेक अभ्यास याउलट जुन्या फाइली काढून, काय घडले हे माहीत असताना केलेले आहेत. ‘सूत्राने सांगितले म्हणून औषध बदलले आणि रुग्ण अधिक जगले’ असा पुरावा देणाऱ्या चाचण्या फार थोड्या आहेत. या साधनांचे भवितव्य त्यांवरच ठरेल.

भारतासाठी हे महत्त्वाचे का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार भारतात २०२२ मध्ये कर्करोगाचे सुमारे १४.१ लाख नवे रुग्ण आढळले आणि ९.१६ लाख मृत्यू झाले. इम्युनोथेरपीच्या पूर्ण मात्रेचा खर्च लाखांत जातो आणि बहुतेक कुटुंबांना तो झेपत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने यावर स्वतःचा मार्ग शोधला. डोके-मान कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरील चाचणीत, नेहमीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी म्हणजे २० मिलिग्रॅम निवोलुमॅब स्वस्त गोळ्यांच्या जोडीने दिले. वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. आता या उपचारातही लाभ होणारे आणि न होणारे आधी ओळखता आले, तर त्याचा फायदा श्रीमंत देशांपेक्षा येथे अधिक होईल.

पण परदेशी सूत्र जसेच्या तसे येथे चालेल, असे मानता येत नाही. पाश्चात्त्य देशांतील डोके-मान कर्करोगाच्या संग्रहांत घशाच्या, बऱ्याचदा एचपीव्ही विषाणूशी संबंधित गाठी मोठ्या प्रमाणात असतात. महाराष्ट्रात तंबाखू आणि गुटख्यामुळे गालाच्या आतल्या भागाच्या, हिरड्यांच्या आणि जिभेच्या गाठी अधिक दिसतात. आपल्याकडे अनेकांच्या फुप्फुसांवर जुन्या क्षयरोगाचे व्रणही असतात. असे व्रण न पाहिलेले सूत्र त्यांना काय समजेल, हे येथेच तपासावे लागेल.

त्यासाठी लागणारा साठा उभा राहू लागला आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या निधीतून टाटा मेमोरियलने आयआयटी मुंबई, दिल्लीचे एम्स व राजीव गांधी कर्करोग संस्था आणि चंडीगडचे पीजीआय यांच्यासोबत स्कॅनची बँक उभारायला घेतली. त्यात सुरुवात डोके-मान आणि फुप्फुसाच्या कर्करोगापासून झाली. कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने आयआयटी खरगपूरसोबत ‘छवी’ नावाचा संग्रह तयार केला आहे. देशातील तीनशेहून अधिक केंद्रे नॅशनल कॅन्सर ग्रिडने जोडलेली आहेत. परळमधील आणि एखाद्या जिल्ह्याच्या गावातील यंत्रावर सूत्र सारखेच चालते का, हे पाहण्यासाठी असे जाळे उपयोगी पडू शकते.

रुग्णाच्या माहितीचे काय?

स्कॅनवरचे नाव पुसले की ओळख लपते, हा समज अपुरा आहे. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने २०१९ मध्ये ८४ स्वयंसेवकांच्या डोक्याच्या एमआरआयमधून संगणकावर चेहरे उभे केले आणि चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला ते छायाचित्रांशी जुळवायला सांगितले. ८३ टक्के चेहरे बरोबर जुळले. डोके-मान कर्करोगाचे संग्रह करताना चेहऱ्याचा भाग झाकण्याची काळजी म्हणून घ्यावी लागते. पण गाठच गालात असेल तर झाकायचे किती, हा पेच उरतो.

वैद्यकीय कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये नैतिक मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. रुग्णाची संमती, माहितीची सुरक्षितता आणि अंतिम निर्णयाची मानवी जबाबदारी यांवर त्यांत भर आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही त्याच वर्षी झाला.

रुग्ण आणि नातेवाईकांनी काय करावे?

पहिली गोष्ट, स्कॅनची फक्त फिल्म आणि छापील अहवाल घेऊन थांबू नये. केंद्राकडून सीडी, पेन ड्राइव्ह किंवा लिंकच्या रूपात मूळ ‘डायकॉम’ फाइली मागून घ्याव्यात आणि जपून ठेवाव्यात. वर सांगितलेले सगळे आकडे त्या फाइलींतच असतात. फिल्मवर त्यांतला एक उजेडाचा पट्टा तेवढा उतरतो. फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपने पाठवला की उरलेसुरले तपशीलही जातात. दुसरे मत घेतानाही मूळ फाइली असतील तर पुन्हा स्कॅन करण्याचा खर्च अनेकदा वाचतो.

दुसरी, उपचारांदरम्यानचे स्कॅन शक्यतो एकाच केंद्रात, एकाच पद्धतीने करून घ्यावेत आणि आधीच्या फाइली सोबत न्याव्यात. गाठ बदलली की यंत्र बदलले, हा घोळ त्याने टळतो.

तिसरी, ‘एआय अहवाल’ म्हणून जादा पैसे मागितले गेले तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना थेट विचारावे : या अहवालाने उपचारात नेमके काय बदलणार आहे? हे साधन भारतीय रुग्णांवर तपासलेले आहे का? उत्तर समाधानकारक नसेल तर तो पैसा औषधासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे. संशोधनात सहभागी होण्यासाठी मात्र विचारणा झाली, तर संमतीपत्र नीट वाचून होकार देण्यास हरकत नाही. येथील रुग्णांचे स्कॅन नसतील, तर येथील गाठी ओळखणारे सूत्रही बनणार नाही.